लक्ष्मी तालाकाठी दुरुस्त केलेला डाव

दोन महिन्यांपूर्वी मी राणी लक्ष्मीबाईंना अजिंक्य केलं आणि तिसऱ्याच रविवारी आमचा डाव मोडला. चूक सर्वस्वी माझी होती, म्हणून ती इथे लिहून ठेवतोय.

झाशीच्या पोस्टिंगवर याआधी लिहिलं आहे, इथल्या उन्हाबद्दल आणि बबिन्याच्या धुळीबद्दल. आज एका खेळाबद्दल. निवृत्त मंडळींपैकी काही जण म्हणतील, साहेबांना फुरसत फार झाली. आधी वाचा, मग ठरवा.

आमची कन्या नववीत आहे. तिला टेबलाभोवती बसून सोंगं घेऊन खेळायच्या खेळांचं वेड आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध नाव. चार-पाच जण बसतात, प्रत्येक जण एक पात्र होतो, आणि एक जण सूत्रधार असतो. तो म्हणतो, समोर नाला आहे, पलीकडे पहारा आहे, काय करणार? खेळणारा काहीही सांगू शकतो. जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. फौजी वाचकांना एवढंच सांगितलं तरी पुरे: सँड मॉडेलभोवती बसलेले आपण, आणि छडी घेऊन उभा असलेला डीएस. फरक इतकाच की मुलं हे हौसेने करतात आणि आपल्याला झोप येत असे.

ही तुलना मी उगाच करत नाही. या खेळांचं कूळ खरोखरच फौजी आहे. प्रशियाच्या राइसवित्झ नावाच्या लेफ्टनंटने १८२४ मध्ये नकाशा, ठोकळे, फासे आणि पंच घेऊन युद्धाचा खेळ रचला, तो तिथल्या सैन्यात रुजला. पुढे अमेरिकेत लेफ्टनंट टॉटनने १८८० मध्ये ‘स्ट्रॅटेगोस’ हे पुस्तक लिहिलं. ते जुनं पुस्तक डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाच्या हाती लागलं आणि त्यातली पंचाची कल्पना त्याला आवडली. १९६९ मध्ये त्याने नेपोलियनच्या काळातलं एक काल्पनिक जर्मन गाव मांडलं आणि खेळायला आलेल्यांना फौजांऐवजी एकेक माणूस दिला, कुणी नगराध्यक्ष, कुणी विद्यापीठाचा प्रमुख. लढाई राहिली बाजूला, मंडळी आपापसात कटकारस्थानं करत बसली. वेस्लीला वाटलं, प्रयोग फसला. खेळणारे म्हणाले, पुन्हा कधी? त्याच टोळक्यातल्या डेव्ह आर्नसनने ती कल्पना पुढे नेली आणि गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स बाहेर आलं.

छापील पुस्तकात पात्रं तयार मिळतात. पण हौशी लोक आपली पात्रं आणि त्यांची कसबं स्वतः रचतात, त्याला ‘होमब्रू’ म्हणतात. घरचा मसालाच समजा. आणि घरच्या मसाल्याचं जे होतं तेच इथे होतं: करणाऱ्याचा हात सैल असतो.

झाशीत राहून ड्रॅगन कशाला, असं मीच सुचवलं. १८५८ चा वेढा मांडू. कन्या खूश. वरच्या मजल्यावरच्या मेजरांची जुळी मुलं, बहीण-भाऊ, तयार झाली. चौथा गडी हवा होता. तिने शाळेतल्या एका मुलाला आणलं, आठवीतला, आमच्याच स्टेशनवरच्या एका सुभेदार साहेबांचा मुलगा, मूळचा सातारा जिल्ह्यातला. पहिल्या दिवशी वडील सोडायला आले आणि दारातच त्याला म्हणाले, “साहेब म्हणायचं.” मी म्हटलं, “साहेब, घरात काका म्हणू दे त्याला.” (नागरी वाचकांसाठी: सुभेदार मला साहेब म्हणतात आणि मी त्यांना साहेब म्हणतो. ही आपल्या फौजेची जुनी रीत आहे.) पोरगं मान खाली घालून आत आलं आणि टेबलाच्या कोपऱ्यात बसलं.

पात्रं मी वाटली. कन्येला राणी. जुळ्यांतल्या भावाला तोपची, गुलाम गौस खान. त्यांची कबर किल्ल्यात आहे आणि कडकबिजली तोफही तिथेच मांडलेली आहे, ती तो पाहून आला होता. बहिणीला राणीच्या स्त्रियांच्या पथकातली घोडेस्वार. आणि या मुलाला काय हवं विचारलं तर म्हणाला, “काही पण चालेल.” माझ्याकडे गवंडी शिल्लक होता. तो दिला.

मग राणीची कसबं लिहायला बसलो. वाचकहो, मराठी माणूस राणीबद्दल लिहायला बसला की हात आवरत नाही. एक, तिच्या प्रत्येक वाराला दोन फासे टाकायचे आणि मोठा आकडा घ्यायचा. दोन, ती दिसली की शत्रू बिचकतो. तीन, ती कधीच पडत नाही, कितीही मार बसला तरी एक प्राण शिल्लक राहतो. कागदावर फार झकास दिसत होतं.

दोन फाशांची गोष्ट जरा समजून घेण्यासारखी आहे, कारण तिथेच बहुतेक घरगुती मसाले बिघडतात. वीस बाजूंच्या एका फाशाची सरासरी साडेदहा. दोन टाकून मोठा घेतला की सरासरी १३.८ च्या थोडी वर जाते. ऐकायला किरकोळ वाटतं, सव्वातीनचा फरक. पण हा फरक सगळीकडे सारखा पडत नाही. अकरा किंवा वर हवे असतील तर एका फाशाने संधी शंभरात पन्नास, दोन फाशांनी पंचाहत्तर. म्हणजे सरळ पाच आकड्यांची वाढ. उलट फक्त वीसच हवा असेल तर पाचाचे जेमतेम पावणेदहा होतात. म्हणजे काम ना सोपं ना अशक्य, अशा मधल्या जागी हे कसब सर्वात जास्त चालतं, आणि खेळातले बहुतेक प्रसंग मुद्दाम त्याच मधल्या जागेत ठेवलेले असतात. मी ते राणीला प्रत्येक वेळी, फुकटात, देऊन टाकलं होतं.

पहिला रविवार धमाल गेला. दुसऱ्या रविवारी तटाला खिंडार पडलं, राणी खिंडारात उभी राहिली आणि एकटीने सगळे परतवले. तोपचीने दोन गोळे टाकले, गरज नव्हती. गवंड्याची पाळी आली तेव्हा करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तीन तासांत त्या पोराने फासा दोनदा टाकला. मधेच हळूच म्हणाला, “काका, पाण्याच्या बाटल्या भरून आणू का?” मी “शाब्बास” म्हटलं. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही, हे आता लिहितानाही टोचतं. तिसऱ्या रविवारी निरोप आला, अभ्यास आहे. तो नाही म्हणून जुळ्यांचाही मूड गेला. कन्या खोलीत जाऊन बसली. रात्री म्हणाली, “बाबा, मला पण कंटाळाच आला होता. मी हरूच शकत नव्हते.”

मला माझी एक जुनी गोष्ट आठवली. कंपनी माझ्याकडे असताना एक हवालदार होता, कमालीचा हुशार. गाडीचं लोडिंग, दारूगोळ्याचा हिशेब, नकाशे, रेशन, काहीही सांगा. मी सगळं त्यालाच सांगत गेलो. तो वार्षिक सुट्टीवर गेला आणि दहाव्या दिवशी अचानक हलायचा हुकूम आला. कुठल्या गाडीत काय जातं हे एकालाही धड ठाऊक नव्हतं. बाकीचे नालायक नव्हते. मी त्यांना दोन वर्षं पाण्याच्या बाटल्या भरायला लावल्या होत्या, एवढंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कन्येला घेऊन लक्ष्मी तालावर गेलो. जुन्या शहराच्या लक्ष्मी दरवाज्याबाहेर हा ताल आहे. काठाला नेवाळकरांचं महालक्ष्मीचं मंदिर आणि जवळच गंगाधररावांची छत्री. गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ ला गेले, आणि राणीने ती बांधवली. पाण्यात जलपर्णी, काठावर फिरायला आलेली माणसं, शेंगदाणेवाला. आम्ही छत्रीच्या आवारात वही घेऊन बसलो. गंगाधररावांना नाटकाचं भारी वेड होतं, झाशीत त्यांनी नाटकशाळा चालवली होती. म्हणजे सोंगांची चर्चा करायला जागा काही वाईट नव्हती.

मी म्हटलं, राणीचे दोन फासे काढून टाकू. तिचा चेहराच बदलला. “बाबा, तू राणीला कमजोर करतोयस. इथे बसून?”

खरं सांगतो, मला उत्तर सुचेना. झाशीत, तिने बांधलेल्या छत्रीजवळ बसून, राणीचे आकडे खोडायचे म्हणजे हात थबकतोच. त्या दिवशी आम्ही भांडून परत आलो.

मार्ग सापडला तो गोडसे भटजींकडे. विष्णुभट गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे. घरची गरिबी, डोक्यावर कर्ज, म्हणून दक्षिणा मिळवायला काकांबरोबर उत्तरेत निघाले आणि नेमके सत्तावन्नच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी शहराच्या आत राहून पाहिला. पुष्कळ वर्षांनी त्यांनी ते लिहून काढलं आणि चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ म्हणून छापलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचा, आणि फौजेतल्यांनी दोनदा वाचा. वेढा आतून कसा दिसतो हे सांगणारा असा साक्षीदार क्वचितच मिळतो. भटजी लढवय्ये नव्हते, घाबरत होते, आणि म्हणूनच त्यांच्या डोळ्यांना खालची माणसं दिसली. दिवसा तोफांनी तट फुटायचा आणि रातोरात गवंडी तो पुन्हा बांधायचे. राणी मोर्चांवर फिरायची, गोलंदाजांना बक्षीस द्यायची, माणसांना उभं करायची.

दुसऱ्या बाजूचा साक्षीदार खुद्द सर ह्यू रोझ. २१ मार्च १८५८ ला तो झाशीपुढे आला. त्याच्या अहवालात नोंद आहे की तोफांच्या मोर्चांवर बायका काम करताना आणि दारूगोळा वाहताना दिसत होत्या. लढाईत शत्रूने मुद्दाम लिहून ठेवावी अशी ही गोष्ट.

म्हणजे राणी एकटी खिंडारात उभी राहून वेढा लढलीच नव्हती. तो माझा सिनेमा होता. झाशी इतके दिवस टिकली ती तोपची, दारू वाहणाऱ्या बायका आणि गवंडी यांच्या जोरावर, आणि त्या सगळ्यांना उभं करणारी ती होती. मी तिला मोठी करायला गेलो आणि तिची खरी करामतच खोडून बसलो.

मग वही पुन्हा उघडली. राणीचं नवं कसब असं ठरलं: दिवसाला तीन ‘शब्द’. तिच्या नजरेच्या टप्प्यात असलेल्या कुणालाही ती शब्द देऊ शकते आणि तो माणूस दोन फासे टाकून मोठा आकडा घेतो. स्वतःसाठी वापरता येत नाही. शब्द द्यायचा तर तिने तिथे तटावर असलं पाहिजे, म्हणजे गोळ्याच्या टप्प्यात. आणि पूर्ण रात्र झोपली तरच तीन शब्द परत मिळतात. जागरण केलं तर एकच.

शेवटची अट कन्येची. मी इतकी कडक ठेवली नसती. ती म्हणाली, “मग रात्री गवंड्याजवळ थांबायचं की नाही हे ठरवताना मला खरंच विचार करावा लागेल.” डीएस लोकांनी हे वाक्य वहीत लिहून घ्यावं.

घरगुती कसब रचताना लोक आकड्यांवर भांडतात, सहा फासे की आठ. आकडा महत्त्वाचा आहेच, पण त्याची फारशी भीती बाळगू नये. खुद्द पुस्तकवाल्यांनीही पाळलेलं नाही. पाचव्या आवृत्तीच्या सूत्रधाराच्या पुस्तकात, २०१४ च्या, नवा मंत्र रचणाऱ्यासाठी तक्ता आहे. तिसऱ्या पातळीचा, अनेकांना एकदम लागणारा मंत्र असेल तर सहा-बाजूंचे सहा फासे, म्हणजे सरासरी एकवीस. आणि त्यांचाच प्रसिद्ध आगीचा गोळा आठ फाशांचा, सरासरी अठ्ठावीस. जगभर मुलं तो टाकतात आणि खेळ काही बुडालेला नाही. खेळ बुडतो तो एकाचं कसब दुसऱ्याची जागा खातं तेव्हा. कुलूप उघडण्यात तरबेज चोर टोळीत आहे, आणि जादूगाराकडे कुठलंही कुलूप उघडणारा मंत्र आहे. चोराने मग काय करायचं? पाण्याच्या बाटल्या.

तोपचीचं काम पटकन झालं. तोफेला सहा फासे, पण भरायला दोन पाळ्या. कुणी आपली पाळी खर्चून दारू आणून दिली तर एकच. जुळ्यांतल्या बहिणीला घोडा सोडायला लावताना मला धास्ती होती, पण रोझची नोंद वाचून दाखवली तर तिनेच दारूगोळा मागून घेतला. आता ती आणि भाऊ एकमेकांवर अवलंबून आहेत, आणि यावरून त्यांच्या घरात जे चालतं ते मेजरांच्या मिसेसना विचारा.

गवंड्यावर मात्र आम्ही आठवडा घालवला. त्याचं कसब: रात्री पडलेल्या भिंतीवर तीन फासे, प्रत्येकी अकरा किंवा वर. तीनपैकी दोन जमले तर पहाटे भिंत उभी. पाच किंवा खाली आला तर दगड गडगडतो, आवाज होतो आणि समोरून तोफ येते. कन्येने जेवणाच्या टेबलावर पन्नास रात्री खेळून काढल्या, जुन्या कॅलेंडरच्या मागे रेघा मारत. भिंत सत्तावीस वेळा उभी राहिली. हिशेबाने निम्म्या वेळा राहायला हवी, म्हणजे ठीकच. राणीने एक शब्द दिला तर शंभरात साडेबासष्ट. तिन्ही दिले तर चौऱ्याऐंशी. पण मग दुसऱ्या दिवशी तिच्याकडे एकच शब्द उरतो आणि तोपची तोंड वेडावतो. तिन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. असं झालं की कसब नीट बसलं असं मी समजतो.

राहिला तो मुलगा. त्याला परत बोलवायला मी गेलो नाही, मी गेलो असतो तर ते बोलावणं राहिलं नसतं, हुकूम झाला असता. कन्या शाळेत गेली आणि गवंड्याचा कागद त्याच्या हातात दिला. संध्याकाळी कागद परत आला. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं: चुना ओला असेल तर पहिल्या गोळ्याला भिंत टिकेल का? त्याचे आजोबा गावाकडे गवंडीकाम करत होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्याची शंका रास्त होती. नवी भिंत पहिल्या दिवशी निम्म्या ताकदीची, असा नियम आम्ही घातला. त्याच्या पात्राचं नुकसान करणारा तो एकमेव नियम, आणि तो त्याने स्वतः आणलेला.

चार रविवार झाले, डाव चालू आहे. सुभेदार साहेब परवा भेटले तेव्हा म्हणाले, “साहेब, पोरगं येता-जाता भिंती बघत असतं, कुठे चिरा गेल्यात ते.” तक्रार होती की कौतुक, मला कळलं नाही.

गेल्या रविवारी पटावर ३१ मार्चची संध्याकाळ होती. त्या दिवशी बेतव्याच्या बाजूला मोठा जाळ दिसला होता, तात्या टोपे वीस हजारांच्या आसपास फौज घेऊन आल्याची ती खूण. आत जल्लोष झाला. दुसऱ्या दिवशी रोझने वेढा न उठवता, जेमतेम दीड हजार माणसं घेऊन तात्यांना गाठलं आणि हरवलं. ३ एप्रिलला इंग्रज शहरात घुसले आणि ४ तारखेच्या रात्री राणी काल्पीच्या दिशेने निघून गेली. मुलांना हे सगळं ठाऊक आहे, झाशीत राहतात. तरी मी जाळ दिसल्याचं सांगितलं तेव्हा जुळी टाळ्या वाजवत उठली.

कोपऱ्यातून आवाज आला, “काका, तात्या उद्या हरणारच का?”

मी म्हटलं, ते उद्या बघू. आज रात्री दक्षिणेकडची भिंत पडलेली आहे.

तो थोडा वेळ पटाकडे बघत राहिला. राणीकडे दोन शब्द होते. तोपची दोन्ही मागत होता, सकाळसाठी. कन्येने तालाच्या बाजूला बोट ठेवलं, तटाबाहेर, शत्रूच्या हद्दीत, जिथे छत्री आहे, आणि मग ते उचलून खिंडारावर आणलं. म्हणाली, “मी इथे उभी आहे. झोपत नाही. दोन्ही तुला.”

त्याचा पहिला फासा चौदा आला. दुसऱ्याला शब्द लावला, नऊ आणि सहा, गेला. तिसऱ्याला दोन्ही फासे हातात धरून तो बराच वेळ हलवत बसला, जुळी ओरडायला लागली. एक टेबलावर थांबला, चार. दुसरा कडेवरून घरंगळत खाली गेला आणि आम्ही पाचही जण एकदम टेबलाखाली वाकलो.